तंबाखूबंदी आणि सरकारची भागीदारी

महाराष्ट्रात गुटखा, पानमसाला आणि सुगंधी सुपारी यांच्यावरची बंदी दरवर्षी नव्याने घालावी लागते. २०१२ मध्ये ती लागू झाली, पुढे मावा आणि खर्राही तिच्या कक्षेत आला, पण तिचे आयुष्य कधीच एका वर्षाहून मोठे नसते. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या तिसाव्या कलमाने अन्नसुरक्षा आयुक्तांना एका वेळी फार तर एक वर्षाची मनाई करण्याचा अधिकार दिला आहे. म्हणून पावसाळा आला की अधिसूचना निघते आणि बंदीला वर्षभराची मुदतवाढ मिळते. त्याआधी २००२ मध्ये राज्याने एकदम पाच वर्षांसाठी गुटखा बंद करून पाहिला होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती बंदी टिकली नाही.

आता ज्या टपरीवर गुटखा विकणे गुन्हा आहे, त्याच टपरीवर तंबाखूची साधी पुडी उघड विकता येते. तिच्यावर कर्करोगाचे चित्र छापलेले असते, कर भरलेला असतो, शेजारी चुन्याची ट्यूब ठेवलेली असते. सुपारी आणि सुगंध मिसळलेली तंबाखू कायद्याच्या लेखी अन्न ठरते आणि अन्नात तंबाखू घालायला मनाई आहे. नुसती तंबाखू अन्न ठरत नाही, म्हणून तिला मोकळीक आहे. शरीराला हा फरक कळत नाही. तंबाखूबंदीच्या चर्चेत आपण कुठे अडकलो आहोत, हे या एका टपरीवर दिसते.

तंबाखूवर बंदी घालावी का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. पण ही बंदी कुणावर घालायची, हे आधी ठरवले पाहिजे. आजवर बंदीचा दंडुका टपरीवाल्यावर आणि माल वाहणाऱ्या ट्रकच्या चालकावर चालला. तंबाखूच्या धंद्यात सरकार स्वतः भागीदार आहे, आणि ही भागीदारी मोडल्याशिवाय कुठलीही बंदी प्रामाणिक होणार नाही, टिकणारही नाही.

तंबाखू काय करते, हे सगळ्यांना माहीत आहे असे आपण धरून चालतो. तरी एक गोष्ट जवळून पाहावी. मुखतपासणीच्या शिबिरात डॉक्टर आधी तोंड उघडायला सांगतात. स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकत्र उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांमधून आत जातात का ते पाहायचे. निरोगी तोंडात तीन बोटे सहज मावतात. वर्षानुवर्षे खर्रा किंवा मावा चघळणाऱ्या पोराची दोनच जातात, कुणाचे जेमतेम एक. गालाची आतली मऊ त्वचा पांढुरकी आणि ताठ झालेली असते, बोट फिरवले तर दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. तिखट जिभेला लागले की आग होते, भाकरीचा तुकडा बारीक करून आत सारावा लागतो. हा आजार मुख्यतः सुपारीचा. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. तिच्या जोडीला तंबाखू आली की धोका आणखी वाढतो. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग इतका आढळतो, त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

आकडे हेच सांगतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे, कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तंबाखूमुळे भारतात दरवर्षी १३ लाखांहून अधिक माणसे मरतात. एवढी माणसे एखाद्या साथीने नेली असती, तर आपण शाळा, बाजार, गाड्या सगळे थांबवले असते. आपण ते एकदा केलेही आहे.

या चर्चेत डोळ्यांसमोर सिगारेट येते. सिनेमातला नायक सिगारेट ओढतो, पडद्याखाली इशारा उमटतो आणि विमानतळावर काचेची खोली असते. पण त्याच सर्वेक्षणात सिगारेट ओढणारे प्रौढ चार टक्केच होते. विडी ओढणारे ७.७ टक्के आणि चुना लावून मळलेली तंबाखू खाणारे ११.२ टक्के. महाराष्ट्रात तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, आणि धूर न करता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याची तंबाखू मुख्यतः तोंडातली आहे. ऊसतोडीच्या टोळीत पहाटे अंधारात कोयता हाती घेताना, रात्रपाळीच्या ट्रकमध्ये, बांधकामावर, गिरणीत, शेताच्या बांधावर ती खाल्ली जाते. भूक मारायला, झोप उडवायला, थकवा विसरायला. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाकडे पाणी मागायला संकोच वाटतो. चिमूटभर तंबाखू मागायला वाटत नाही. “चुना आहे का?” एवढ्यावर दोघांची ओळख होते. व्यसनाला हा माणुसकीचा वेढा आहे, म्हणूनच ते नुसत्या घोषणेने सुटत नाही.

आणि मशेरी? तिला कुठली जाहिरात लागत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी दात घासण्यापुरती लावली जाते. मग पोट साफ होत नाही म्हणून, मग दुपारी डोके जड होते म्हणून, मग कामाला सुरुवात करण्याआधी. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात कित्येक घरांत आजी, सून आणि नात एकाच डबीतून मशेरी लावताना दिसतात. त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली, आणि या बायकांत मशेरी लावणाऱ्याच बहुसंख्य होत्या. ज्या बाळाने तंबाखू पाहिलेलीसुद्धा नाही, त्याचे वजन तंबाखूने जन्माआधीच कमी केले.

इथे स्वातंत्र्याचा आक्षेप समोर येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. माझे शरीर, माझे पैसे, माझा जीव. सरकारला त्यात पडायचे कारण काय? प्रौढ माणसाला स्वतःचे नुकसान करून घेण्याचाही हक्क असतो, असे मानणारी विचारपरंपरा मोठी आहे आणि तिनेच आपल्याला अनेक सरकारी जाचांपासून वाचवले आहे. पण हा हक्क निवडीचा आहे. तंबाखूत निवड किती असते? २०१९ च्या राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणात तेरा ते पंधरा वर्षांच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी आपण तंबाखू घेतो असे सांगितले. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती दहावा वाढदिवस येण्याआधीच चाखली होती. चौथीतल्या पोराने केलेल्या निवडीला आपण चाळीस वर्षे स्वातंत्र्य म्हणत राहणार का? पुढे प्रौढ झाल्यावर तोच माणूस सोडायचा प्रयत्न करतो. प्रौढांच्या सर्वेक्षणात तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक सोडण्याचा विचार करत होते. सोडायची इच्छा आहे आणि सुटत नाही, या अवस्थेला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. निकोटीनने बांधलेल्या माणसाच्या बाजूने उभे राहायचे असेल, तर त्या बंधनातून नफा काढणाऱ्याविरुद्ध उभे राहावे लागेल.

तरीही या आक्षेपातला एक भाग मी पूर्ण मान्य करतो. साठी उलटलेला शेतकरी चाळीस वर्षे बार भरत आला असेल, तर त्याला उद्या पोलिसांनी पकडता कामा नये. व्यसनी माणसाला गुन्हेगार ठरवणारी बंदी मला नको आहे. अशा बंद्यांचे काय होते, ते जगाने पाहिले आहे.

या देशातल्या पहिल्या तंबाखूबंदीची कथा आपल्या दख्खनपासून सुरू होते. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारातून परतला, तेव्हा त्याने बरोबर तंबाखू नेली आणि बादशहासमोर ठेवली. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची ही गोष्ट. पुढे जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूला मनाई केली. बादशहाच्या हुकमाने तंबाखू थांबली नाही. लागवड आणि ओढणारे दोन्ही वाढत गेले.

आपल्या काळातला भूतानचा दाखला अधिक बोलका आहे. भूतानने २००४ मध्ये देशभर तंबाखूची विक्री बंद केली आणि २०१० मध्ये कडक कायदा केला. २०११ मध्ये एका तरुण भिक्खूला थोड्याशा तंबाखूपायी तीन वर्षांची कैद झाली. जनमत उसळले आणि कायदा सैल करावा लागला. सीमेपलीकडून भारतातली तंबाखू चोरून येतच होती. कोविडच्या काळात या चोरट्या वाटेने विषाणूही येईल, ही भीती तंबाखूच्या भीतीपेक्षा मोठी ठरली आणि २०२१ मध्ये विक्री पुन्हा खुली झाली. दक्षिण आफ्रिकेने २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेरपासून ऑगस्टपर्यंत सिगारेटची विक्री थांबवली. दुकाने बंद झाली, काळाबाजार भरभराटीला आला, भाव कित्येक पटींनी चढले आणि ओढणाऱ्यांपैकी पुष्कळजण ओढत राहिले. आपल्याकडे चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

बंदीचे विरोधक हे दाखले मांडून म्हणतात, बंदी चालत नाही. मला यातून वेगळा धडा दिसतो. एका फटक्यात, सगळ्यांसाठी, व्यसन सोडवायची सोय न करता आणि पुरवठा चालू ठेवून घातलेली बंदी चालत नाही. चंद्रपूरला लागून असलेल्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथेही चोरटी दारू येते, पण बंदी लोकांच्या आंदोलनातून आली असल्याने तिला गावागावांत राखणदार आहेत. तिथेच २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने दारूबरोबर तंबाखूचाही प्रश्न हाती घेतला. गावाने बसून ठराव करायचा, दुकानदाराला समजावायचे, विक्री थांबवायची आणि सोडू पाहणाऱ्याला उपचार द्यायचे, असा तो मार्ग आहे. खर्रा हे त्या भागाचे रोजचे खाणे झाले आहे. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घासून पुडी बांधली जाते आणि शाळकरी मुलांच्या खिशातही ती सापडते. अशा जागी वरून आलेला कागद एकटा पुरत नाही, आणि कागदाच्या आधाराविना गावही फार दिवस टिकाव धरत नाही.

गुटखाबंदीचे मूल्यमापनही याच कसोटीवर करावे. ती साफ फसली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टपरीच्या दारात लटकणाऱ्या पुड्यांच्या रंगीत माळा गेल्या. लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर लोंबणारे ते आमिष नाहीसे झाले, ही छोटी गोष्ट नाही. राज्यात तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. या घटीचे सगळे श्रेय गुटखाबंदीला देता येणार नाही, पण तिचा वाटा नाकारताही येणार नाही.

मात्र उणीव कुठे राहिली, तेही स्पष्ट आहे. कारखाने शेजारच्या राज्यांत चालू राहिले. देशात अनेक ठिकाणी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी अशी जोडी विकली जाऊ लागली; गिऱ्हाइकाने दोन्ही हातावर ओतून मिसळली की गुटखा तयार. कायद्यातल्या व्याख्येला बगल देणारी ही युक्ती इतकी उघड होती, की २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. महाराष्ट्रात सीमेवरून येणारे ट्रक पकडले जातात, लाखोंचा माल जप्त होतो, तो जाळल्याचे फोटो छापून येतात. अशा प्रकरणांत अन्न सुरक्षा कायद्याबरोबर तत्कालीन भारतीय दंड संहितेखालीही गुन्हा चालवता येतो, असा निर्वाळा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. तरीही जाळ्यात सापडतो तो चालक, गोदामाचा राखणदार किंवा टपरीवाला. माल जिथे बनतो तिथपर्यंत कायदा पोहोचत नाही.

आता भागीदारीकडे येऊ. भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला २००४ मध्ये मान्यता दिली. तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून आरोग्यधोरण राखावे, असे त्या कराराचे एक कलम सांगते. पण १९७६ पासून गुंटूर येथे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतले तंबाखू मंडळ आहे. तंबाखूचे लिलाव भरवणे आणि निर्यात वाढवणे हे त्याचे काम. आंध्रातल्याच राजमहेंद्री येथे १९४७ मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी शास्त्रज्ञांनी तंबाखूचे उत्पादन वाढवण्यावर संशोधन केले. देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे सुमारे पंधरा टक्के समभाग आयुर्विमा महामंडळाकडे आहेत. लोकांच्या आयुष्याचा विमा उतरवणारी सरकारी संस्था आयुष्य कमी करणाऱ्या उद्योगातून लाभांश घेते. आरोग्यमंत्री पाकिटावरचे चित्र मोठे करतात आणि त्याच सरकारचा दुसरा हात नफा मोजतो.

या भागीदारीचे समर्थन नेहमी महसुलाने केले जाते. एवढा कर बुडाला तर राज्य कसे चालेल? २०१७-१८ या वर्षासाठी झालेल्या अभ्यासात, पस्तिशी ओलांडलेल्या लोकांच्या तंबाखूजन्य आजारांचा आणि मृत्यूंचा आर्थिक भार १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये निघाला, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त. तंबाखूवरील करातून मिळालेली रक्कम या भाराच्या साधारण बारा टक्केच होती. बारा रुपये तिजोरीत यावेत म्हणून शंभर रुपये रुग्णालयात, औषधात, बुडालेल्या मजुरीत आणि अकाली मरणात जातात. त्या शंभरांतले बरेचसे सरकारच्या हिशेबात दिसत नाहीत, कारण ते घरातल्या बाईचे मंगळसूत्र विकून, शेत गहाण ठेवून, मुलीचे शिक्षण थांबवून भरले जातात. महसुलाचा युक्तिवाद या घरांच्या खात्यावरचा खर्च लपवून उभा राहतो.

सगळ्यांत अवघड प्रश्न कामगाराचा आणि शेतकऱ्याचा आहे. बंदीचा पुरस्कार करणारे तो अनेकदा एका वाक्यात उरकतात. मला ते मान्य नाही.

सोलापुरात विडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन बसते. भिजवलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, आणि कारखान्यात तपासणारा छाट काढतो तेवढी मेहनत वाया जाते. हा धंदा मुख्यतः बायकांचा. सोलापुरात त्यांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या बायका पुष्कळ. संघटनेच्या लढ्यातून कुंभारीजवळ विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. या बायकांनी तंबाखूच्या धुळीत बसून मुले शिकवली. उद्या विडी बंद झाली तर पहिली भाकरी त्यांच्या ताटातली जाईल. तेंदूपत्त्याच्या हंगामात गडचिरोली-गोंदियातल्या आदिवासी घरांत वर्षभरातली मोठी रोकड येते, तीही विडीवरच उभी आहे.

निपाणीचा इतिहास याहून कडू आहे. १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीत महामार्गावर ठाण मांडून बसले. गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मेले. त्याच निपाणीतल्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांचा संप ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ या १९८२ च्या माहितीपटात नोंदला गेला आहे. तंबाखूच्या भावासाठी माणसांनी जीव दिला, तेव्हा ती माणसे विषाचा व्यापार करत नव्हती. आपल्या मातीत जे पिकते त्याचे दाम मागत होती. बंदीचा विचार करताना हे विसरले तर आपण पुन्हा त्याच माणसांवर अन्याय करू.

पण या कष्टकऱ्यांच्या नावाने तंबाखूला अभय मागणारे कोण आहेत, तेही पाहिले पाहिजे. विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ पासून विडीवर उपकर होता. त्यातून त्यांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीची मदत चाले. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. कामगाराचा हक्काचा निधी गेला आणि योजना अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर अवलंबून राहिल्या. मग २०२५ च्या जीएसटी फेररचनेत सिगारेटला चाळीस टक्क्यांचा दर ठरला आणि विडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. विडी स्वस्त ठेवण्याने फायदा होतो कुणाचा? ती ओढणाऱ्या गरिबाची फुप्फुसे सिगारेट ओढणाऱ्याइतकीच जळतात. वळणाऱ्या बाईची हजारी मजुरी कर कमी झाला म्हणून आपोआप वाढत नाही. तिचे नाव पुढे करून सवलत मागितली जाते आणि सवलत कारखानदाराच्या गल्ल्यात जमा होते.

म्हणून बंदीचा आराखडा या क्रमाने असावा. पहिले पाऊल सरकारने स्वतःकडे वळून टाकायचे. सार्वजनिक संस्थांनी तंबाखू कंपन्यांतले समभाग ठरावीक मुदतीत विकावेत. तंबाखू मंडळाचे काम बदलून ते पर्यायी पिकांचे मंडळ व्हावे. करार केलेल्या प्रत्येक देशाने शेतकऱ्याला पर्याय द्यावा, असे तंबाखू नियंत्रण करारातच म्हटले आहे.

दुसरे, विडी, सिगारेट आणि खाण्याच्या तंबाखूवर सारखा आणि चढता कर हवा, आणि विडीवरचा वाढीव कर थेट विडी कामगारांच्या निधीत गेला पाहिजे. उपकर रद्द करून जे काढून घेतले, ते अशा रीतीने परत द्यावे. पन्नाशी ओलांडलेल्या विडी कामगार बाईला दुसरे काम शिकवण्याचा आग्रह धरू नये. तिला निवृत्तिवेतन द्यावे. प्रशिक्षण तिच्या मुलीला द्यावे, म्हणजे सूप पुढच्या मांडीवर जाणार नाही.

तिसरे, वर्षावर्षाच्या अधिसूचनांचा खेळ थांबवून संसदेने २००३ च्या तंबाखू कायद्यात दुरुस्ती करावी, आणि एका ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या कुणालाही तंबाखू कधीच विकता येणार नाही, असे ठरवावे. आज जे खातात त्यांना ही बंदी शिवत नाही, पण नवीन गिऱ्हाईक येण्याचा दरवाजा ती बंद करते. मालदीवने १ नोव्हेंबर २०२५ पासून अशी बंदी अंमलात आणली. १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे तंबाखू विकता येत नाही. न्यूझीलंडने असाच कायदा २०२२ मध्ये केला होता. सरकार बदलले आणि २०२४ च्या सुरुवातीला, अंमल सुरू होण्याआधीच, तो मागे घेतला गेला. सिगारेटच्या विक्रीतून येणारा महसूल करकपातीला हातभार लावेल, असे तिथल्या नव्या अर्थमंत्र्यांनी बोलून दाखवले होते. बंदी कुठे मोडते, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणार नाही. न्यूझीलंडमध्ये काळ्याबाजाराचा तडाखा बसण्याआधीच तिजोरीच्या गरजेने ती मोडली.

चौथे, विक्रीला परवाना हवा आणि तंबाखूच्या दुकानात बिस्कीट-चॉकलेट नको. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला आजही मनाई आहे, अल्पवयीनाला ती देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. हे सगळे कागदावर झोपलेले आहे, कारण कुठल्या टपरीवर तंबाखू विकली जाते याची नोंदच कुणाकडे नाही. परवाना असला तर तो काढून घेता येतो.

आणि पाचवे, सोडू पाहणाऱ्याला हात. पाकिटांवर व्यसनमुक्तीच्या मोफत दूरध्वनीचा क्रमांक छापलेला असतो, हे चांगलेच. पण ऊसतोडीच्या तळावरच्या माणसाला समोर बसून बोलणारे कुणीतरी लागते. पहिल्या काही दिवसांत डोके भणभणते, चिडचिड होते, झोप लागत नाही. त्या दिवसांत निकोटीनची गोळी किंवा च्युइंगगम आणि कुणाचा तरी आधार मिळाला तर माणूस तरतो. हे साहित्य प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळाले पाहिजे. आशाताई गरोदर बाईच्या घरी जातातच. लोहाच्या गोळ्यांबरोबर मशेरीचाही प्रश्न त्यांनी विचारावा आणि त्या कामाचा मोबदला त्यांना द्यावा.

चोरटा व्यापार होईल का? होईल, काही प्रमाणात होईलच. पण ज्याला आज सवय नाही अशा मुलाला चोरट्या बाजारात खेचणे, सवय लागलेल्या माणसाला खेचण्याइतके सोपे नसते. शिवाय कारखाने देशभर एकाच कायद्याखाली आले, तर राज्याच्या सीमेवर ट्रक पकडत बसण्याची वेळ येणार नाही.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे सत्तेचाळिसावे कलम सांगते आणि आरोग्याला घातक मादक पदार्थांच्या सेवनाला आळा घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असेही त्यात म्हटले आहे. हे कलम न्यायालयात बजावून घेता येत नाही, पण मतदाराला ते नक्की बजावता येते. पुढच्या वेळी गुटखाबंदीची अधिसूचना निघेल आणि तिचे श्रेय घेतले जाईल, तेव्हा आपल्या आमदार-खासदारांना दोन गोष्टी विचाराव्यात. तंबाखूतले सरकारी समभाग कधी विकणार, आणि विडी कामगारांचा निधी कधी परत देणार? यांची उत्तरे तारखेसह आली, तर लोक बंदी मान्य करतील आणि ती राखतीलही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय सोडा, असे शेतकऱ्याला, मजुराला आणि मशेरी लावणाऱ्या आजीला सांगण्याचा अधिकार सरकारला तेव्हाच मिळेल, जेव्हा त्याने स्वतःचा नफा आधी सोडलेला असेल.